डाव्या हाताची गाठ

छपरावरची केळी उलटून आलीस ना, कमळे? मग बस इथं, पाय पसर. बोंबील वाळतायत तोवर तुला एक गोष्ट सांगते. अगं, डाव्या हातानंच घे चहा. सासूसमोर लाजायचं काय त्यात! गोष्ट मोठी नाही, पन नीट ऐक. मधे मधे विचारू नको.

आगाशीला नरहरी म्हनून एक वाडीवाला आहे. केळीची वाडी, वाडीत पान्याचं बावखल, चांगलं दोन पुरुष खोल. घरात बायको, सहा वर्षांची मालन आनि धाकटा भाऊ दयाराम. दयारामचं लग्न झालं नव्हतं. मालन त्याच्याच खांद्यावर वाढलेली.

त्या घरची सुकेळी म्हंजे काय विचारू नको! पिकली राजेळी केळी सोलायची, आठ-दहा दिवस उन्हात वाळवायची, मग केळीच्याच सुक्या पानात बांधायची. वरून केळीच्या खोडाच्या सोपटाची दोरी. दयाराम डावरा. त्याची गाठ उलटी बसायची, दुसऱ्या कोनाला सुटायची नाही. नरहरी चिडवायचा, "गिऱ्हाइकाबरोबर तुलाच धाडायला पायजे, पुडी सोडायला!"

बांगलादेशची लढाई झाली ना, त्या साली नरहरी बायकोला घेऊन लग्नाला गेला. मालनला भावापाशी ठेवली. दयाराम अंगनात पुड्या बांधीत बसला. एक झाली, दुसरी झाली. मान वर केली तर पोर नाही. बावखलाच्या काठावर चप्पल तेवढी.

नरहरीनं भावावर हात उचलला नाही, शिवी दिली नाही. एवढंच म्हनाला, "झाल्या का तुझ्या गाठी बांधून?"

तिसऱ्या दिवशी दयाराम अंगावरच्या कपड्यानिशी होडीत बसला. खाडी ओलांडून दातिवऱ्याला गेला. तिथं कोनाच्या वाडीत राखनीला राहिला. इकडं बायको दोन वर्षांत खंगून गेली. नरहरी उरला एकटा. सकाळी मूठभर भात शिजवायचा, तोच रातच्याला पुरायचा.

अर्नाळ्याची एक कोळीन त्याच्या दारी मासळी घेऊन जायची. तिचं माहेर दातिवऱ्याचं. एका दिवाळीला तिनं टोपलीतून पुडी काढली. "दयारामनं दिलीय."

नरहरीनं गाठ बघितली नि पुडी माळ्यावर भिरकावली. "परत त्याचं नाव या दारात काढलंस तर तुझी मासळी बंद."

होळीच्या सुमाराला ती काहीतरी सांगायचं म्हनून उंबऱ्याशी उभी राहिली. नरहरीनं हात वर केला. "मासळीचं बोल."

ती मासळीचं बोलली.

पुढल्या दिवाळीला पुडी आली. ती न बोलता उंबऱ्यावर ठेवून गेली. त्याच्या पुढल्या दिवाळीलाही. अशा सहा पुड्या माळ्यावर पडल्या. सातव्या वर्षी नरहरीचे डोळे गेले. पुडी दिसेना, म्हनून हातात घेऊन चाचपली. बोटं गाठीवर फिरली. उलटी गाठ. तो उंबऱ्यातच बसला.

"कसा आहे गं तो?"

कोळनीनं टोपलीवरचं फडकं सारखं केलं. "आहे तसाच. आता काय बदलनार!"

"माझं काय बोलतो?"

"बोलत नाही. पुडी धाडतो."

गाठ काही सुटेना. नरहरीनं दातांनी तोडली, एक केळं तोंडात घातलं आनि पोरासारखा रडला. मग नाक पुसलं. "बोंबलाचा वास मारतोय गं याला!"

"मग माझ्या टोपलीतून काय मोगऱ्याचा मारनार?"

म्हातारा हसला. त्या घरात कोनी हसल्याला किती वर्षं झाली होती.

"त्याला सांग," तो म्हनाला, "पोर त्याचीबी होती. मी एकट्यानंच रडून घेतलं. त्या दिवशी मी घरात असतो तर मीबी पुड्याच बांधत बसलो असतो. सांगशील?"

"सांगते."

"येईल काय तो?"

"पाय चालत नाहीत त्याचे."

"माझे डोळे नि त्याचे पाय," नरहरी म्हनाला. "देवानं एका मानसाचं सामान दोघांत वाटलंय बघ."

तेव्हापासून दर दसऱ्याला वाडीतला पहिला राजेळीचा घड तो कोळनीकडं देतो, भावानं वाळवायला. दिवाळीला पुडी परत येते. ती उशाशी ठेवतो, रोज एक केळं खातो. बावखलाकडं पाठ करून बसायचा, आता तोंड करून बसतो. झोप लागते म्हनतो.

तू मागं विचारलंस ना, कोळ्याच्या घरात छपरावर केळी कशाला? नरहरीच्या घडाची ती. दयाराम तापानं गेला, पहिली पुडी दिली त्या दिवाळीनंतरच्या पौषात. माझ्या भावानं अग्नी दिला. सांगायला मी उंबऱ्यापर्यंत गेले होते गं. त्याची ती एक पुडी अजून माळ्यावर आहे, न सोडलेली. बाकीच्या सगळ्या माझ्या. दयारामच्या खोपीत बांधलेली एक उरली होती, ती सोडून-बांधून गाठ शिकले. आता बोटं आखडली. गेल्या साली गाठ सैल बसली, तर म्हातारा म्हनाला, "दया थकला वाटतं." तुला बघायला आलो तेव्हा तू डाव्या हातानं कपबशी पुढं केलीस. बाया कुजबुजल्या, आनि मी तिथंच हो म्हनून टाकलं. घे हे सोपट, कमळे. मार बघू गाठ.