जन्मभर पुरणारी सुरी

मिस्त्रींनी सुरी पात्याच्या बुडाशी एका बोटावर आडवी तोलून धरली आणि मनातल्या मनात प्रार्थना केली, की ही तरी कलंडू दे.

सुरी कलंडली नाही. बोटावर अशी ऐसपैस बसली, जणू तिथेच लहानाची मोठी झाली होती.

मिस्त्रींचा चेहरा पडला. उभा जन्म कारखान्यात हत्यारं घडवण्यात गेलेला माणूस. चांगलं पोलाद दिसलं की त्यांना भूक लागायची. आज मात्र या दुकानात एकूण एक सुरी रद्दी निघावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

कारण शेजारी सिस्टर उभ्या होत्या.

सिस्टर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्स. अख्खी इमारत त्यांना सिस्टर म्हणायची, म्हणून विधुर मिस्त्रीही सिस्टरच म्हणायचे, आणि तिथेच सगळा घोळ झाला होता. एकदा सिस्टर म्हणून बसल्यावर पुढचं काही बोलायचं कोणत्या तोंडाने? म्हणून मिस्त्री बोलायचे ते धारेच्या दगडाशी. दर रविवारी सिस्टर बोथट सुरी नॅपकिनमध्ये गुंडाळून खाली यायच्या. आधी चहा व्हायचा. मग मिस्त्री पाच मिनिटांचं काम असं रंगवायचे, की तेवढ्या वेळात एखाद्याने तलवार घडवून, लढाई जिंकून, घरी येऊन आंघोळसुद्धा केली असती. धार मात्र अशी, की नुसती दाखवली तरी टोमॅटोच्या घाबरून आपोआप फोडी व्हाव्यात.

आणि तरी पुढच्या रविवारी सुरी पुन्हा बोथट! सिस्टरचे कांदे दगडाचे असावेत, असा मिस्त्रींना दाट संशय होता. पण असल्या कांद्यांबद्दल तक्रार कोण करतो?

मग सिस्टरची भाची राहायला आली आणि घात झाला.

"मावशी, दर रविवारी काय त्या काकांना त्रास?" पोरगी म्हणाली. "एकदाच चांगली सुरी घे. काकांनाच निवडायला सांग की, त्यांना कळतं त्यातलं."

म्हणून आज ही वरात दुकानात आली होती.

"आजोबा, ही बघा," दुकानदाराने दुसरी सुरी पुढे केली. लाल मूठ, पात्यावर फुलं कोरलेली. "हातोहात खपतेय."

मिस्त्रींनी पात्यावर टिचकी मारली. पत्र्याच्या डब्यासारखा आवाज आला. पोलाद मुठीत जेमतेम शिरलेलं, शेवटपर्यंत गेलेलंच नाही. असली सुरी आठ दिवस धार धरणार नाही. आठ दिवस! मिस्त्रींच्या छातीत काहीतरी उडी मारून उठलं. एक शब्द खोटा बोलायचा, की सगळे रविवार शाबूत. हात लाल मुठीकडे गेलासुद्धा.

"तुम्ही म्हणाल ती घेऊ," सिस्टर हळूच म्हणाल्या.

मिस्त्रींचा हात तिथेच थबकला. माणसांशी ते गरजेपुरतं खोटं बोलत आले होते, पण पोलादाच्या बाबतीत जीभ वळेना. त्यांनी ती पहिली, बोटावर बसलेली सुरी उचलली.

"ही घ्या. जन्मभर पुरेल."

"जन्मभर?" सिस्टरचा आवाज एकदम बारीक झाला. "इतकी कशाला?"

"मावशी, असं काय गं!" भाची हसली. "काका, सुटलात तुम्ही!"

मिस्त्री सुटले. पुढच्या रविवारी त्यांनी सवयीने दोन कप काढले आणि एक परत ठेवला. धारेचा दगड पाण्यात भिजत असायचा, तो कोरडा पडून पांढरा झाला. जिन्यात पाऊल वाजलं की ते उगाच दाराशी जायचे आणि दूधवाल्याला पाहून त्याच्यावरच खेकसायचे. एक मात्र झालं होतं. पूर्वी वरून फक्त शनिवारी दुपारी खर्र खर्र आवाज यायचा. सिस्टर भांडी घासायला बसत असाव्यात. आता तो सकाळ-संध्याकाळ येऊ लागला. भाचीने मावशीला चांगलंच कामाला जुंपलेलं दिसतंय, असं म्हणून मिस्त्री त्या पोरीवर मनातल्या मनात दातओठ खात राहिले.

असे बरेच रविवार गेले. मग एका रविवारी बेल वाजली.

दारात सिस्टर. हातात नॅपकिनची गुंडाळी, अंगठ्याला पट्टी; पट्टी मात्र नर्सला शोभेल अशी, एक सुरकुती नाही. आत येऊन त्या आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या आणि कितीतरी वेळ नुसत्या दम खात राहिल्या.

मिस्त्रींनी सुरी उघडली. धारेवरून नख फिरवलं. धार कुठे होती? नुसतं टक्कल! ते शरमेने काळवंडले. उभ्या जन्मात पोलादाने त्यांना असं तोंडघशी पाडलं नव्हतं.

"माझी निवड चुकली, सिस्टर," ते कसेबसे म्हणाले. "उद्याच बदलून आणू."

"निवड कसली चुकतेय तुमची!" सिस्टर एकदम कडाडल्या, आणि मग पदराने कपाळ पुसत, त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "जुनीचं बरं होतं. शनिवारी दारातल्या दगडी पायरीवर चार हात मारले की काम व्हायचं. हिच्यापायी माझी पायरी झिजली हो. पुढच्या वेळी जरा हलकी निवडा. हातात आता पूर्वीसारखा जोर नाही राहिला माझ्या."