नऊ डेलिया

“आठ?” अगाफियाने नवऱ्याच्या खांद्यावरून चित्रात डोकावून फुलं मोजली. “पोराच्या भिंतीवर लावायचंय की मढ्यावर ठेवायचंय?”

सिमियोनचा कुंचला तिथेच थांबला. जित्या माणसाला फुलं विषम द्यायची, मेलेल्याला सम. मोल्दोवातल्या त्या गावात हे शेंबडं पोरही सांगेल. आणि चाळीस वर्षं फुलंच रंगवणाऱ्या माणसाने आठ काढावीत!

“नववं काढायचंय अजून,” तो म्हणाला. “तुला कसली एवढी घाई?”

“मला नाही म्हाताऱ्या, वालेरीच्या गाडीला. शनिवारी निघते ती.”

तिने मातीच्या सुरईतलं मान टाकलेलं डेलिया उपसलं आणि ताजं खोचलं. तैलरंगाचं काम सावकाशीचं, तोवर फुलं कुठली टिकायला? म्हणून रोज सकाळी ती परसातून त्याच रंगाची, तेवढीच उमललेली फुलं शोधून आणायची. ग्रिशाच्या नव्या खोलीची भिंत ओकीबोकी आहे, तिथे आपल्या परसातली फुलं हवीत, हा हट्ट तिचाच.

ग्रिशा त्यांचा एकुलता एक. इटलीत इमारतींच्या कामावर होता. पाच आठवड्यांपूर्वी परांचीवरून पडला आणि जागीच गेला. अगाफिया तेव्हा हृदयाच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होती. हिला धक्का बसला तर हातची जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पोराला तिकडेच मूठमाती दिली. गावात हे दोघांनाच ठाऊक होतं: सिमियोनला, आणि दर आठवड्याला गावाची बोचकी घेऊन इटलीला जाणाऱ्या वालेरीला.

तेव्हापासून सिमियोन थापा मारत होता. ग्रिशाचा फोन बिघडलाय. ग्रिशाची कामाची जागा बदललीय. ग्रिशाने तुला गोळ्या वेळेवर घ्यायला सांगितलंय. मेलेल्या लेकाच्या तोंडी शब्द घालताना आपली जीभ झडत कशी नाही, याचं त्याचं त्यालाच नवल वाटे. मग तो गोठ्यामागे जाऊन रडून यायचा आणि डोळ्यांत टर्पेंटाइन गेलं म्हणून सांगायचा.

बुधवारी अगाफिया इटलीहून काही आलंय का बघायला पोस्टात गेली ती दिवस कलल्यावर परतली. गुडघे धरलेत म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुलं आणली. ‘ग्रिशा काय म्हणाला?’ हे रोजचं विचारणं मात्र सुटलं. सिमियोनला हायसं वाटलं. थापाही आता संपतच आल्या होत्या.

शनिवारी सकाळी नववं फूल पुरं झालं. वालेरी हे चित्र थेट कबरीवर नेऊन ठेवणार होता, दोघांचं तसं ठरलं होतं. बापाच्या हातचं लेकाला शेवटचं देणं, आणि तेही चुकीच्या मोजणीचं. दहावं काढायला सिमियोनचा हात शिवशिवत होता. पण अगाफिया मोजल्याशिवाय राहायची नाही. त्याने कुंचला डब्यात उभा केला.

“चेरीचा मुरंबा नाही देत या खेपेला?” त्याने विचारलं.

“नको. चित्रच जाऊ दे,” ती म्हणाली.

फाटकाशी भोंगा वाजला. सिमियोन लगबगीने बाहेर गेला.

“काका, काकूंना अजून काही…?” वालेरीने गाडीतूनच विचारलं.

“काही नाही. तू फक्त तोंड मिटून राहा.”

“तिकडे काच बसवून घेतो चित्राला. उघड्यावर राहायचं, पाऊसपाणी…”

“हळू बोल रे बाबा!”

सिमियोन चित्रासाठी खोका घेऊन आत आला आणि दारातच थबकला. अगाफिया चित्रापुढे उभी होती. तिच्या मुठीत कुंचला होता, पळी धरावी तसा. सुरईच्या उजव्या अंगाला एक लालभडक फूल ओलं चमकत होतं, बोटांएवढ्या जाड पाकळ्यांचं, वेडंवाकडं. जन्मात कधी तिने कुंचला हाती धरला नव्हता.

“अगं, काय केलंस हे!” सिमियोन ओरडला. “दहा झाली ना!”

“माहीत आहे मला,” अगाफिया म्हणाली. “नऊ आता त्याला चालायची नाहीत.”