पॅनेलवरच्या रजया

"बाबा, मेन स्विच बंद केलाय!" सून जिन्यातून ओरडली.

वरून काहीतरी खणकन पडल्याचा आवाज आला.

ती धावत गच्चीवर आली. तिथे चार सौर पॅनेलं होती. वरच्या काचेतून वीज मिळायची, खालच्या तांब्याच्या नळ्यांतून गरम पाणी. एक नळी सकाळपासून गळत होती. सासरे त्या नळीपाशी उकिडवे बसले होते. पाना खाली पडलेला. पायाशी पाण्याचं थारोळं. मूठ नळीवर आवळलेली, दातखीळ बसलेली आणि सगळं अंग बारीक थरथरत होतं. डोळे मात्र सुनेकडेच लागले होते.

तिच्या लक्षात आलं. स्विच बंद होता, पण घरातल्या विजेचा. पॅनेलवर भर दुपारचं ऊन होतं तोवर तिथे वीज तयार होतच राहणार होती आणि गळक्या पाण्यातून नळीत उतरत होती.

"अगंबाई, काय झालं यांना?" मागून सासूबाई आल्या, त्या थेट नवऱ्याकडे धावल्या.

"आई, हात लावू नका!"

त्या थांबेनात. सुनेने दोन्ही हातांनी त्यांना ढकललं. त्या कठड्याशी धाडकन पडल्या.

दोरीवर रजया वाळत होत्या. तिने एक ओढून पॅनेलवर भिरकावली, मग दुसरी. तिसरी दोनदा घसरली.

"आई, उठा! ती चादर द्या!"

सासूबाईंचं कोपर फुटलं होतं. त्यांनी चादर आणली, दुहेरी केली. चौथं पॅनेल झाकलं आणि सासरे पोत्यासारखे कलंडले.

सुनेने त्यांना शर्टाला धरून पाण्याबाहेर ओढलं. छातीला कान लावला.

"अहो, बोला ना काहीतरी," सासूबाई म्हणाल्या.

डोळे किलकिले करत ते पुटपुटले, "गळती थांबली का?"

सून हसली, आणि तोंडावर हात दाबून कोपऱ्यात जाऊन ओकली.

रुग्णवाहिकेतून ती सासऱ्यांबरोबर गेली. सासूबाई गच्चीवरच थांबल्या. कोणी चुकून वर आलं तर? त्यांनी रजयांच्या टोकांवर विटा ठेवल्या आणि जिन्याच्या दारात पाय पसरून बसल्या. वारा सुटला की दचकून उठत होत्या.

वायरमन आला तेव्हा ऊन बरंच उतरलं होतं.

"आजी, रजया काढू का? बघतो काय झालंय ते."

सासूबाईंनी दार सोडलं नाही.

"थांब," त्या आभाळाकडे बघत म्हणाल्या. "आधी तो मावळू दे."