उलटी अक्षरं

आबा चपला काढायला वळले आणि मनुबाई ओरडलीच, "अगं बया! पाठीला काय फासलंय ह्ये?"

पांढऱ्याशुभ्र शर्टावर, ऐन पाठीत, पंज्याएवढा काळा डाग होता. बारीक रेघा, ठिपके आणि खाली कसलंसं गिचमिड. सुभेदार जोतीराम म्हणजे आबा आज साताऱ्याला माजी सैनिकांच्या मेळाव्याला गेले होते. सत्कार त्यांचाच होता. म्हणजे सगळ्या जुन्या सोबत्यांपुढं दिवसभर हीच पाठ! सत्काराची शाल मात्र घडीसुद्धा न मोडता काखेत धरलेली.

"आवं, ती शाल तरी पांघरायची न्हाई का?" मनुबाईनं कपाळावर हात मारला.

थोरली सून शिवांजली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं डाग लांबूनच ओळखला.

कोरेगावजवळच्या त्या घरात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली ती एकटीच. उसाची मोटार फोनवरनं चालू-बंद करायचं यंत्र ती करत होती आणि त्याचा सर्किट बोर्डही घरीच बनवत होती. रेघा, ठिपके, कोपऱ्यातलं नाव, सगळं चकचकीत कागदावर लेझर प्रिंटरनं उलटं छापून आणायचं. कागद तांब्याच्या पाटीवर पालथा घालायचा आणि वरून तापलेली इस्त्री दाबायची. टोनर, म्हणजे छपाईची काळी पूड, वितळून तांब्याला धरतो, आणि उलटं असतं ते सुलटं होतं. अडचण एकच. घरात इस्त्री एक, आणि मागं तिच्या तळाला लागलेलं काळं मनुबाईच्या नव्या लुगड्याला लागलं होतं. "पुन्यांदा हात लावलास इस्त्रीला तर बघ," अशी तंबीच मिळाली होती.

तरी काल बाईसाहेबांनी हात लावलाच. तेवढ्यात सासूची चाहूल लागली. घाईत कागद चादरीवर तसाच उताणा राहिला, म्हणून हाताला आला तो धुतलेला शर्ट तिनं त्यावर पाठ खाली करून पसरून टाकला आणि पळ काढला. तो शर्ट आबांचा होता. सकाळी आबांची गाडी दारात येऊन उभी, म्हणून धाकट्या जावेनं, मायानं, पसरलेल्या शर्टावर तशीच भराभर इस्त्री फिरवली. दुपारी केर काढताना शिवांजलीला तो कागद पलंगाखाली मिळाला. कोरा! काय झालं असेल ते तिला तेव्हाच कळलं. तिनं कागद चुलीत घातला.

आता मनुबाईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला होता. "लगीन हून दोन म्हैनं न्हाई झालं, आन् म्हाताऱ्याची चारचौघांत शोभा केलीस! मोबाईल बघत इस्त्री करत हुतीस न्हवं?"

"न्हाई वं आत्ती, देवाशप्पथ! मी काय बी केलं न्हाई," माया म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

आबा चपला काढून आत आले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले. त्यांनी एकदा शिवांजलीकडं पाहिलं. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं. मग अगदी मऊ आवाजात विचारलं, "कुनी केलं ह्ये?"

'मी' एवढंच म्हणायचं होतं. शिवांजलीच्या जिभेवर आलंही. पण समोर मनुबाई कमरेवर हात देऊन उभी होती.

"इस्त्री मायानं केली हुती, आबा," ती म्हणाली.

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. तरी इतकं खोटं ती जन्मात बोलली नव्हती. मायानं मान वर करून तिच्याकडं बघितलं, तेव्हा शिवांजलीला नजर कुठं ठेवावी ते कळेना.

आबा उठले. ट्यूबच्या उजेडात गेले आणि तिच्याकडं पाठ करून उभे राहिले.

"वाच, पोरी."

ती जवळ गेली. रेघांच्या खाली, कागदावर उलटं छापलेलं, आता कापडावर लख्ख सुलटं झालेलं नाव होतं. शिवांजली. लाज लाज वाटली तिला, जमीन दुभंगली तर बरं, अशी.

"माझ्या पलटणीतल्या भाऊसोनं सकाळीच वाचून दावलं," पाठमोरेच आबा म्हणाले. "मग जो तो इचारायला लागला, ही शिवांजली कोन? मी म्हनलं, माझी थोरली सून. घरात बसून मशिनं करती. लय कौतुक केलं गड्यांनी. शाल दिली, ती बी पांघरली न्हाई मी. म्हनलं, नाव झाकायचं कशाला?"

मनुबाईचे कमरेवरचे हात खाली आले होते. माया डोळे पुसायचं विसरली होती.

"आबा, मी..." शिवांजलीनं तोंड उघडलं.

आबांनी हात वर करून तिला थांबवलं. मग काखेतली शाल काढली, तिची घडी मोडली आणि पाठ झाकून घेतली.