विधवांची ज्वारी

सकाळी साडेआठला ज्वारीच्या गाड्या सोलापूर स्टेशनामागच्या दुष्काळ छावणीत आल्या. साल एकोणीसशे एकवीस, फाल्गुन सरत आलेला. नऊपर्यंत बायांची रांग कुंपणाला टेकली. गोजाबाई त्या रांगेत चौथी होती. तिची चार वर्षांची मायाक्का छपरात निजून होती. कालपासून पोरीच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

वाटपाला बसलेल्या गुरुसिद्धप्पा कारकुनानं तिच्याकडं पाहिलं, मग भिंतीवर चिकटवलेल्या मुंबईच्या वर्तमानपत्राकडं. चित्रात तीच होती. मांडीवर पोर, कपाळ मोकळं.

"बाई, ही तूच ना? मग आज कुंकू कसं?"

"फोटूवाल्यानं पुसाय लावलं. म्हनला, लाल रंग फोटूच्या काचंवर काळा उमटतुय, कुंकू दिसलं तर कुनाला दया येत न्हाय. धनी हाय माजा."

कारकुनानं छावणीची यादी उलटली. "मायाप्पा ना? कुठं आहे?"

"मेंढरं घिऊन मोगलाईत, निजामाच्या मुलकात. दसऱ्याला गेल्यात."

"काही पत्र?"

"कोन लिवनार? मेंढरं?"

मागं दोघी हसल्या. कारकूनही हसला, पण मापटं त्यानं पोत्यातच राहू दिलं. चित्राखालची ओळ बोट ठेवून वाचून दाखवली, 'सोलापूरची निराधार विधवा.'

"हिला बघून लोकांनी ज्वारी धाडली. विधवांनाच द्या, असं लिहून धाडली. उद्या त्यांचा माणूस बघायला येतोय. कुंकवाच्या बाईला मी कशी देऊ?"

"दुसरी ज्वारी?"

"ती परवाच सरली."

तिच्या पाठीमागं नागव्वा उभी होती. नवरा जाऊन तिला दोन वर्षं झाली होती. ती म्हणाली, "पूस की गं. फोटूच्या वक्ताला पुसलंस, तवा हात झडला व्हय?"

"तवा खोटं हुतं, नागव्वा. आता खरं म्हून मागत्यात."

गोजाबाई बाजूला झाली तशी नागव्वा तिच्या जागी सरकली आणि ओटी पसरली.

दुपारी दोनला शेवटचं पोतं उसवलं. गोजाबाई कुंपणाशी एकटीच बसली होती. पदराचं टोक तिनं पाण्याच्या रांजणात बुडवून ओलं केलं होतं आणि मुठीत धरलं होतं; कुंकू अजून कपाळावरच होतं.

मोगलाईच्या वाटेनं त्या दिवशी एकच कळप परतला. त्यात मायाप्पाची मेंढरं नव्हती. त्याला वाटेत कुणी पाहिलेलंही नव्हतं.