तळाची पिशवी

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सकाळी मी मॉमच्या पद्धतीनं भोपळ्याच्या गराचा गोड पम्पकिन पाय करायला घेतला. डब्यातला विकतचा गर तिनं कधी घरात आणला नाही. दर ऑक्टोबरला ती परसातले भोपळे भाजायची, गर पिशव्यांत भरून वर मार्करनं लिहायची आणि तळघरातल्या फ्रीझरमध्ये रचायची. या फेब्रुवारीत ती गेली. तळाशी तिची एकच पिशवी उरली होती. अंडी, क्रीम, दालचिनी घालून मी गर घुसळत होते, तेवढ्यात डॅड तळघरातून वर आले. "कोरिन, भोपळ्याची पिशवी कुठंय?" "ही काय, भांड्यात. तुमच्यासाठीच चाललंय सगळं." ते भांड्याकडे बघत राहिले. "विचारायचंस तरी." "त्यात काय विचारायचं? थँक्सगिव्हिंगसाठी, असं तिनंच लिहिलं होतं वर. आणि गर भरून वर्ष उलटलं, डॅड. अजून किती दिवस ठेवणार होता?" "रोज खाली जातो ना मी," ते म्हणाले. "बॉयलर बघायला. ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "बॉयलर आपोआप चालतो, बाळा. फ्रीझरचं झाकण उघडून तिचं अक्षर बघतो." माझा हात थांबला. पण गरात अंडी पडली होती. डॅडनी कचऱ्याच्या डब्यात हात घातला, टरफलांखालून पिशवी काढली, नळाखाली धुतली आणि शर्टाला पुसली. सकाळच्या घाईत मी पहिलीच ओळ वाचली होती. खाली डॅडचं नाव घालून तिनं दटावलं होतं, 'डेल्बर्ट, हात लावायचा नाही.' रिकामी पिशवी घेऊन ते जिना उतरले. फ्रीझरचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा.