गोदाला हाक
चूक स्वतःची आणि चापट कॉम्प्युटरला, ही माझ्या लेकाची रीत. गंगाखेडातल्या आमच्या बियाण्यांच्या दुकानातला पावत्यांचा प्रोग्राम सुनेनं तुकड्यातुकड्यांनी लिहिलाय. लग्नात ह्यानं तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, अर्चना. पावती छापणाऱ्या तुकड्याला मात्र तिनं माहेरचं नाव दिलं, गोदा. काल ह्यानं ते खोडून तिथंही अर्चना केलं. आज ऐन पेरणीत गिऱ्हाईक दारात आणि पावती निघेना. सून म्हणाली, "आत्याबाई, यंत्र काम निघालं की तेवढाच तुकडा नावानं बोलावतं. हाक गोदाला जायलीय, ओ कोण देणार?" "मग हाकबी बदल!" हा ओरडला. मी म्हटलं, "दिनकर, हाक ऱ्हाऊ दे, नाव गोदाच ठेव, घरातबी. तुझ्या बापानं मला कस्तुरा केलं. अजून कुणी कस्तुरा म्हटलं की मी मागं वळून बघते, कोण आलीय म्हणून!"